सदतीस नंबरचा फॉर्म

सदतीस नंबरचा फॉर्म मी तिसऱ्यांदा वाचला, खुर्चीवरून उठले, खिडकी लावली आणि उगाचच परत उघडली. गुरुवारची दुपार होती. हॉस्टेलच्या खोलीत पलंगावर, टेबलावर, जमिनीवर फॉर्मच फॉर्म पसरले होते. साठ खेळाडूंचे साठ. प्रत्येकात चाळीस प्रश्न आणि शेवटी तीन मोकळ्या ओळी. त्या ओळींच्या वर मी माझ्याच अक्षरात लिहून झेरॉक्स काढली होती : ‘आणखी काही सांगायचे असल्यास’. सत्तावन्न जणांनी ती जागा कोरी सोडली होती. दोघांनी ‘धन्यवाद’ लिहिलं होतं. सदतीस नंबरने लिहिलं होतं :

‘उजव्या पायाची नडगी दुखते. दीड महिना झाला. झोपताना चादर लागली तरी सहन होत नाही. कुणाला सांगू नका. मला पळायचं आहे.’

मी तेव्हा साताऱ्यात मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. प्रबंधिकेसाठी विषय घेतला होता तो कॉलेजातल्या खेळाडूंचा : स्पर्धेआधी त्यांना किती धास्ती वाटते, आणि व्यायामाची सवय कुठे संपते आणि ओढ कुठे सुरू होते. मी स्वतः आयुष्यात कधी मैदानावर उतरले नव्हते. शाळेत पी.टी.च्या तासाला पोट दुखतं म्हणून बसणाऱ्यांतली मी. म्हणूनच असेल, मला या मुलामुलींचं फार नवल वाटायचं. पहाटे साडेपाचला कुणी न उठवता उठायचं आणि ऊर फुटेस्तोवर पळायचं, हे माणूस कशासाठी करतो?

फॉर्मवर नाव लिहायचं नव्हतं, फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते माझ्या एका वहीत. मैदानावर सगळ्यांना बसवून मी शब्द दिला होता की तुमचं नाव माझ्याशिवाय कुणालाही कळणार नाही, खेळाच्या घोरपडे सरांनाही नाही. मागून कुणीतरी ‘नक्की ना, ताई?’ असं विचारलं होतं आणि मी ‘नक्की’ म्हणाले होते.

वही उघडली. सदतीस : वनिता काळेल.

वनिता म्हणजे आमच्या कॉलेजचं नाव. माण तालुक्यातल्या एका वाडीतून आलेली, सडसडीत, काळीसावळी, कमी बोलणारी मुलगी. आदल्या वर्षी विद्यापीठाची क्रॉस कंट्री तिने चाळीस सेकंदांच्या फरकाने मारली होती. यंदा ती स्पर्धा आमच्याच गावाबाहेरच्या माळावर होती, येत्या रविवारी. पहिल्या तिघींत आली की अखिल भारतीय स्पर्धेला जाणार, हे इतकं ठरलेलं होतं की कॉलेजच्या फाटकावर तिच्या नावाचं अभिनंदनाचं कापड शर्यतीआधीच बांधून झालं होतं. आणि ही मुलगी दुखऱ्या पायाने पाच किलोमीटर पळणार होती, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं.

मी इनामदार मॅडमकडे गेले. त्या माझ्या मार्गदर्शक. नाव न सांगता सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि त्या मुलीला एकटं सोडायचं नाही. तू तिच्याशी बोल, म्हणाल्या, आणि तिने आपणहून सरांकडे जावं असं बघ. सरांकडे तू जायचं नाहीस. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मान हलवली. बाहेर पडले तर पाय हॉस्टेलकडे वळेनात. राजपथावरून पोवई नाक्यापर्यंत चालत गेले, परत आले, परत गेले. मला कुणालातरी वाचवायचं होतं. इतकं स्पष्ट असं काम माझ्या वाट्याला त्याआधी कधी आलंच नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर गेले. पायऱ्यांवर शालन मदने बसली होती. शालन वनिताची खोलीतली जोडीदारीण, शेजारच्याच वाडीची. संघात सहा जणी पळतात, सातवी राखीव असते. शालन ती सातवी. बाकीच्यांचे स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, चपला सांभाळत बसायची. कुणी आजारी पडलं तरच तिला उतरायला मिळायचं, आणि तीन वर्षांत कुणी आजारी पडलं नव्हतं. मला बघून ती उभी राहिली, काहीतरी बोलणार असं वाटलं. मी विचारलं, वनिता कुठे आहे? तिने मैदानाकडे बोट केलं आणि परत खाली बसली.

वनिताच्या फेऱ्या संपेपर्यंत मी कडेने येरझारा घातल्या. तिच्या उजव्या पायाकडे टक लावून बघत होते. मला तो किंचित आखडून पडतोय असं वाटलं. खरं तर जे बघायला गेले होते तेच मला दिसत होतं, पण हे मला त्या वेळी कोण सांगणार.

ती आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. मी जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं,

‘पाय कसा आहे?’

तिने मान वर केली. ‘कुणाचा?’

‘तुझा.’

‘बरा आहे की.’

मी आडून आडून बरंच बोलले. एक स्पर्धा गेली तर आयुष्य जात नाही, दुखणं लपवू नये, असलं. ती ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. मध्येच तिने पायऱ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, ‘ताई, मला पळायचंच नाही असं कुणी म्हणालं का तुमाला?’ मी घाईने नाही म्हटलं, तसं कुणी काही म्हणालेलं नाही. तिने टॉवेल उचलला आणि निघून गेली.

ती रात्र कशी काढली ते मी सांगत नाही. शनिवारी सकाळी आठ वाजता मी जिमखान्याच्या दारात उभी होते.

घोरपडे सर टेबलावर छातीला लावायचे नंबर मांडत बसले होते. पन्नाशीचे, उंच, आवाज बसलेला. मी एका दमात सांगून टाकलं : वनिताची उजवी नडगी दुखतेय, दीड महिना झाला, मला कसं कळलं ते विचारू नका. सरांनी विचारलंही नाही. शिपायाला पाठवून त्यांनी तिला बोलावलं. मी जायला निघाले, तर थांबा म्हणाले.

वनिता आली. मला बघून दारातच थबकली.

‘उजवा पाय दुखतोय तुझा?’ सरांनी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही ओरडेल, शब्द मोडलात म्हणेल. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी भराभर समजून घेत होती, एवढंच मला दिसलं.

‘व्हय सर,’ ती म्हणाली.

‘किती दिवस?’

‘झाला की महिना, दीड महिना.’

सरांनी तिला बाकावर बसवलं, खाली उकिडवे बसले आणि अंगठ्याने नडगी दाबली. ती कळवळली. सर थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग उठले, टेबलावरचा एक नंबर उचलून बाजूला ठेवला आणि शिपायाला म्हणाले, शालनला सांग, उद्या तू पळायचंस.

मी जिमखान्यातून बाहेर आले तेव्हा तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती. मिसळ खाल्ली. मॅडमना सोमवारी सांगू असं ठरवलं. शब्द मोडला होता, पण एक पाय वाचला होता. वनिता पायऱ्या उतरून गेली ती मी मागून पाहिली होती. दोन दोन पायऱ्या गाळत गेली. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

रविवारी मी स्वयंसेवक म्हणून माळावर होते. तिसऱ्या किलोमीटरच्या वळणावर पाण्याची बादली आणि प्लॅस्टिकचे पेले घेऊन उभी. हवेत गारठा होता, वारा सुटला होता. वनिता माझ्यापासून वीसेक पावलांवर, शालनचा स्वेटर हातात धरून उभी होती. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. ती सारखी या पायावरून त्या पायावर होत होती, आणि मला वाटलं, बिचारीला न पळता उभं राहणं सोसत नाहीये.

पहिल्या तिघी गेल्या. मग शालन आली. चौथी. मला विश्वास बसेना. स्वेटर सांभाळणारी मुलगी चाळीस जणींत चौथी. तोंड पांढरंफटक, ओठ दातांत धरलेले. वनिताने तिला पाहिलं आणि ओरडली, ‘शाले, थांब! थांब गं!’ मला ते कळलं नाही. प्रोत्साहन द्यायचं सोडून थांब काय म्हणतेय ही?

वळणावर शालनने उजवा पाय टाकला आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. तो मी ऐकला असं मला वाटतं. वाऱ्यात ऐकू येणं शक्य नाही, असं नंतर सगळे म्हणाले.

मी बादली टाकून धावले. ती कुशीवर पडली होती आणि पाय जिथे वळायला नको तिथे वळला होता. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती रडत नव्हती. मला तिने ओळखलं, आणि दात वाजत असताना विचारलं,

‘तुमी वाचलं न्हाई का, ताई? मी लिहिलं हुतं की.’

डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं की हाडाला बारीक चीर आधीपासूनच असणार, त्यावर पळाल्यामुळे ते पूर्ण तुटलं. दुपारी तिला ऑपरेशनला घेतलं. आत सळई घालायची होती. बाहेरच्या बाकावर मी आणि वनिता होतो. सर फोन करायला गेले होते, शालनच्या वाडीत फोन नव्हता म्हणून शेजारच्या गावातल्या दुकानदाराला निरोप ठेवायला.

मी बसू शकत नव्हते. बाकापासून खिडकीपर्यंत आणि परत. शेवटी तिच्यासमोर थांबले आणि विचारलं की सदतीस नंबरचा फॉर्म तुझा होता ना?

तिने नाही म्हणून मान हलवली. मी त्या दिवशी तिच्या हातात दोन फॉर्म दिले होते, एक तुला, एक शालनला. वहीत पुढे लिहिलं, सदतीस वनिता, अडतीस शालन. तिने वरचा शालनला दिला होता आणि खालचा स्वतः ठेवला होता. इतकंच झालं होतं. मी नंबर तपासायची तसदी घेतली नव्हती.

‘मग सरांना हो का म्हणालीस?’

ती जमिनीकडे बघत बोलू लागली. तीन आठवडे तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. फाटकावर ते कापड लागल्यापासून ती मागच्या दाराने कॉलेजात येत होती. रोज झोपताना ताप यावा म्हणून मागणं मागायची. पहिल्या वर्षी पळाली तेव्हा कुणी ओळखत नव्हतं, तेव्हा बरं वाटायचं, आता मैदान दिसलं की घशाशी येतं. आणि हे सांगायचं कुणाला? ज्याला त्याला ती पहिलीच हवी होती.

‘सर म्हनले, पाय दुखतोय का. मला वाटलं, सुटले.’

‘पण कुणाचा पाय दुखतोय ते तुला माहीत होतं.’

‘व्हय. रोज मीच तेल लावत हुते.’ तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ‘मला वाटलं, शाली न्हाई म्हनंल. सरांनी सांगितल्यावर मी तिला म्हनलं बी, नगं जाऊस. ती म्हनली, तीन वर्षांत एकदा बोलावलंय.’

संध्याकाळी खोलीवर जाऊन मी अडतीस नंबरचा फॉर्म काढला. चाळीसही प्रश्नांना ‘कधीच नाही’वर खूण. भीती वाटते? कधीच नाही. जेवण जात नाही? कधीच नाही. झोप मोडते? कधीच नाही. मी त्यावर पेन्सिलीने शेरा मारला होता : ‘राखीव खेळाडू, दडपण नाही.’

सोमवारी सकाळी घोरपडे सरांकडे गेले. सगळा दोष माझा आहे, नंबर मी चुकवला, दुखणं शालनचं होतं, असं सांगितलं. वनिता हो का म्हणाली हे त्यांनी विचारलं असतं तर मी ‘माहीत नाही’ म्हणणार होते. निदान तिने बाकावर सांगितलेलं तरी माझ्यापाशी राहावं, असं ठरवून गेले होते.

त्यांनी ते विचारलं नाही. ते कपाटातल्या ढाली पुसत होते. पाठमोरेच म्हणाले,

‘मी तिचा डावा पाय दाबला होता.’

मला क्षणभर समजलं नाही.

‘उजवा दुखतो म्हणाली आणि डावा दाबल्यावर कळवळली. तेव्हाच कळलं की हिला पळायचं नाहीये. कधी कशाला नाही म्हणाली नव्हती ती पोरगी. म्हटलं, एकदा राहू दे.’ फडकं त्यांनी घडी करून ठेवलं, उलगडलं, परत घडी केली. ‘मग खरा पाय कुणाचा, हे विचारायला हवं होतं मी तुम्हाला. नाही विचारलं.’

फाटकावरचं कापड शिपाई काढत होता, त्याच्या शिडीचा आवाज येत होता.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रबंधिका मी अठ्ठावन्न फॉर्मांवर पूर्ण केली. मॅडमना सगळं सांगितलं, त्या रागावल्या नाहीत, फक्त त्यानंतर माझं काम त्या ओळन् ओळ तपासायच्या. वनिता विद्यापीठासाठी परत कधी पळाली नाही. एका शाळेत ती मुलींना खेळ शिकवते, आणि तिच्या मुली हरल्या तरी नाचत घरी जातात असं कुणी सांगितलं. शालन तहसील कचेरीत आहे. चालताना काही कळत नाही, पळणं मात्र तेव्हाच संपलं. वर्षा-दोन वर्षांनी आमचं फोनवर बोलणं होतं, मुलांचं, बदल्यांचं. त्या मंगळवारचं नाही.

त्या मंगळवारी दुपारी मी शालनला भेटायला दवाखान्यात गेले. पाय उशांवर उंच ठेवलेला, गुडघ्याच्या वरपर्यंत पांढरं बँडेज. वनिताने सकाळीच येऊन तिला सगळं सांगितलं होतं. त्या दोघींचं आपसात मिटलं की नाही, मला दिसलं नाही, पण पलंगाखाली वनिताच्या चपला होत्या, म्हणजे ती अनवाणी कुठेतरी औषध आणायला गेली असावी. शालनची आई मला बघून उठली, चहा आणते म्हणून खाली गेली.

मी उभी राहूनच बोलले. तुझा फॉर्म मी वाचला होता, तीनदा वाचला होता, वहीत वनिताचं नाव होतं, म्हणून चुकले, असं. बोलून झालं तरी माझं बोलणं थांबेना, तेच तेच परत सांगत राहिले. शालन ऐकत होती.

‘मी लिहिलं हुतं कुणाला सांगू नका,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘तरी सांगितलंत तुमी.’

‘हो.’

तिने त्याचा विचार केला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

‘वहीत माझं नाव असतं, तरी गेला असता सरांकडं?’

‘गेले असते,’ मी म्हणाले.

लगेच म्हणाले. फारच लगेच. शुक्रवारी संध्याकाळी पायऱ्यांवर उभी राहिलेली ती माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि बहुतेक तिच्याही. शालनने हात लांब करून पलंगाशेजारचं स्टूल माझ्याकडे ओढलं.

‘बसा, ताई,’ ती म्हणाली. ‘आय चा आनतीया. घिऊन जावा.’